‘थ्रो’ आणि ‘अटॅक’ला दुसरे शब्द सुचवा (मामला गढीच्या लढाईचा आहे)

निशिगंधा

मंडळी, मदत हवी आहे. माझीच एक मराठी दीर्घकथा मी इंग्रजीत करतेय. पूर्वार्धात दोन भावंडांची नदीकाठची मस्ती आहे, उत्तरार्धात आजोबा त्यांना एका गढीच्या लढाईची गोष्ट सांगतात. त्यामुळे पानोपानी कोणी ना कोणी काहीतरी फेकतंय, सोडतंय, डागतंय, नाहीतर कोणावर तरी तुटून पडतंय. पहिल्या खर्ड्यात ‘थ्रो’ 31 वेळा आणि ‘अटॅक’ 22 वेळा आला होता.

मग समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि दिसेल तिथे बदलत सुटले. मैत्रिणीला वाचायला दिलं, तर तिने समासात नुसती प्रश्नचिन्हं काढून परत केलं. त्यातली चार वाक्यं:

आईने त्याच्याकडे टॉवेल फेकला. इथे मी ‘हर्ल’ घातलंय.
पोरांनी माकडांवर दगड फेकले. इथे ‘पेल्ट’, म्हणजे ‘पेल्टेड स्टोन्स’.
तिरंदाजांनी बाण सोडले. ‘फायर्ड’.
सरदाराने शत्रूवर गोळी झाडली. ‘फायर्ड द एनिमी’.

नेमकं काय चुकलंय? कोशात तर हे सगळे शब्द शेजारी शेजारी आहेत.

खोडरबर

चौथं वाक्य वाचून ठसका लागला. सरदाराने शत्रूला नोकरीवरून काढलं! नोटीस तरी दिली होती का?

लाल_पेन

हसा, पण ही चूक छापून आलेली मी पाहिली आहे. 26 वर्षं इंग्रजी दैनिकाच्या उपसंपादकांच्या टेबलावर काढली, म्हणून जरा लांबण लावते.

निशिगंधा, कोश विसरा आणि तुमच्याच मराठी वाक्यांकडे बघा. टॉवेल त्याच्या‘कडे’ फेकला, दगड माकडां‘वर’ फेकले. चेंडू ‘कडे’ फेकला तर झेलायला, ‘वर’ फेकला तर लागावा म्हणून. इंग्रजीत हेच काम ‘टू’ आणि ‘ॲट’ करतात. ‘थ्रो टू’ म्हणजे घे, ‘थ्रो ॲट’ म्हणजे खा. क्रियापद बदलण्याआधी हे शेपूट तपासायचं.

आता टॉवेल. ‘हर्ल’ला अंगातला सगळा जोर लागतो. भाला, धोंडा, शिव्या या हर्ल करण्याच्या गोष्टी. टॉवेल हर्ल करायचा तर त्यात वीट बांधावी लागेल. आई कामात आहे, मान न वळवता तिने टॉवेल उडवला, तर ‘टॉस’. चिडून भिरकावला तर ‘फ्लिंग’, कारण त्यात हाताच्या झोक्याबरोबर रागही असतो. ‘चक’ म्हणजे पडेल तिथे पडो. ‘लॉब’मध्ये वस्तू उंच कमान काढून जाते. जड पोतं मात्र ‘हीव’ करतात, आणि वाचणाऱ्याचीही कंबर दुखते. तुमच्या कथेतली आई कशी आहे ते मला ठाऊक नाही, तुम्ही ठरवा.

‘पेल्ट’चं कर्म म्हणजे ज्याला लागतंय तो. माकडांना पेल्ट करायचं, ‘विथ स्टोन्स’. आपल्याकडच्या बातम्यांत दगडच पेल्ट होत असतात आणि ते इतकं रुळलंय की वाचकाला खटकत नाही, पण बाहेरच्या संपादकाला खटकेल.

आणि ‘फायर’. याचं कर्म बंदूक, तोफ किंवा गोळी. माणूस कर्म झाला की त्याची नोकरी गेली. माणसाला लागलं असेल तर ‘शूट’, नेम धरला पण लागलं की नाही ते सांगायचं नसेल तर ‘शूट ॲट’ किंवा ‘फायर ॲट’. मराठी इथे चोख आहे: गोळी ‘घातली’ म्हणजे लागली, गोळी ‘झाडली’ म्हणजे सुटली, पुढचं माहीत नाही. आमच्या टेबलावर एकदा एका बातमीतलं हे ‘ॲट’ गळलं. दुसऱ्या दिवशी गोळी ‘लागलेला’ गृहस्थ जिना चढून स्वतः आला आणि शर्टाची बटणं काढून दाखवू लागला, कुठे आहे भोक? दुरुस्ती मी लिहिली. दोन अक्षरांचा शब्द, दोन ओळींची माफी.

बाण ‘फायर’ होत नाहीत कारण तिथे आगच नाही. सुरुवातीच्या तोफा-बंदुकांची दारू जळत्या वातीने पेटवावी लागे, म्हणून ‘फायर’. गंमत म्हणजे आपलं ‘डागणे’ही तसंच आहे. तापलेल्या सळईने डाग देतो तेच क्रियापद आपण तोफेला लावलं. तुमच्या तिरंदाजांना ‘शूट’ द्या, किंवा जुना बाज हवा असेल तर ‘लूस’. सेनापतीने ‘फायर!’ ओरडणं तर मुळीच नको.

खोडरबर

लूज म्हणजे हरणे ना? तिरंदाज बाण हरले?

लाल_पेन

ते ‘लूझ’, एका ओचं. हे ‘लूस’ दोन ओंचं, सैल सोडणे. प्रत्यंचा ताणून धरली होती, ती सोडली. आपण ‘बाण सोडले’ म्हणतो ते शब्दशः तेच.

तिसरी_स्लिप

फेकण्याचा विषय निघालाय तर क्रिकेटवाल्याचे दोन शब्द. इथे ‘बोल’ आणि ‘थ्रो’ समानार्थी धरलेत तर पंच हात आडवा करतील. चेंडू सोडताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर ती गोलंदाजी उरत नाही, फेकी होते. तिलाच मैदानावर ‘चकिंग’ म्हणतात. म्हणजे वर ज्याला बेफिकीर म्हटलं तो ‘चक’ इथे थेट आरोप आहे. 1995 च्या बॉक्सिंग डे कसोटीत मेलबर्नला मुरलीधरनला पंच डॅरेल हेअर यांनी याच कारणावरून नो-बॉल दिले होते, आणि त्यावरचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला.

आणखी एक, निशिगंधाताईंच्या गढीसाठी: ‘गोलंदाज’ हा मूळचा तोफखान्यातला माणूस. फारसीत ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तीर फेकतो तो तिरंदाज, तोफेचा गोळा फेकतो तो गोलंदाज. चेंडू त्याच्या हातात फार नंतर आला.

निशिगंधा

लाल_पेनताई, तिसरी_स्लिप, खूप आभार. टॉवेल ‘टॉस’ झाला, माकडं ‘पेल्ट’ झाली, शत्रूला नोकरी परत मिळाली. माझ्या कथेत गोलंदाज एकदा खरोखरच तोफेपाशी उभा आहे, आणि मी त्याला ‘बोलर’ लिहून ठेवलं होतं. आत्ता ‘गनर’ केलं, कोणाला सांगू नका.

‘अटॅक’चं मात्र राहिलंच. 22 आहेत.

लाल_पेन

आजोबा मराठीत काय काय म्हणतात ते बघा, बरेचसे आपोआप फुटतील. रात्री छापा घातला तर ‘रेड’. झाडीत दबा धरून बसले तर ‘ॲम्बुश’, त्यातलं ‘बुश’ झाडीचंच. चकमक उडाली तर ‘स्कर्मिश’. सगळं सैन्य एकदम तटावर चालून गेलं, म्हणजे आपला सुलतानढवा, तर ‘स्टॉर्म’. तोफांचा मारा चालू राहिला तर ‘बम्बार्ड’. ‘बम्बार्ड’ हे आधी दगडी गोळे फेकणाऱ्या तोफेचंच नाव होतं, तेव्हा तुमच्या गढीला शोभेल. ‘स्ट्रेफ’ कोशात दिसेल, त्याला हात लावू नका. तो पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ‘गॉट स्ट्राफे इंग्लंड’ या घोषणेतून, म्हणजे ‘देव इंग्लंडला शिक्षा करो’ यातून इंग्रजीत शिरला, आणि आता विमानातून केलेल्या गोळीबाराला वापरतात. तुमच्या गढीवर विमान नसावं.

उरलेले पाच-सहा ‘अटॅक’ तसेच ठेवा. वाचकाला ते दिसतही नाहीत. कोशातून उचललेला शब्द मात्र लगेच दिसतो.

निशिगंधा

विमान नाही. हत्ती आहे एक, तो दरवाजावर धडका मारतो. मी ‘असॉल्ट’ लिहिलंय.

लाल_पेन

‘रॅम’. आणि दरवाजाला खिळे असतील तर हत्तीच्या कपाळावर लोखंडी पत्रा बांधा, मगच धडकू द्या.