जुन्या ४०७ ला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन बसवावा का? बसवायचा तर कोणता आणि वायरिंग कसं?

हापूसवाट:
टाटा ४०७, २००४ चं मॉडेल, बिनटर्बो ४९७ इंजिन, १२ व्होल्ट. मार्च ते मे देवगडहून फोंडाघाटमार्गे कोल्हापूर, आंब्याच्या पेट्या, अडीच टनापर्यंत माल. घाट चढून वर आलं की तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ येतो. मिस्त्रींचं म्हणणं आहे की इंजिनवरचा पात्यांचा पंखा काढून टाकू, भंगारातल्या कारचा इलेक्ट्रिक फॅन लावू, डिझेलही वाचेल.
प्रश्न तीन आहेत. हे करावं का? करायचं तर फॅन किती इंची आणि किती अँपिअरचा? गाडीचा अल्टरनेटर ४५ अँपिअरचा आहे, तो पेलेल का?

तांबापितळ:
मूळ पंखा काढू नका. भरलेल्या गाडीने घाट चढायचा असेल तर अजिबातच नको.

हिशोब सरळ आहे. हे इंजिन साधारण पंचाहत्तर हॉर्सपॉवरचं, म्हणजे ५५ किलोवॅट. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकद लागते तेव्हा ३५ ते ४० किलोवॅट उष्णता पाण्यात उतरते. ती बाहेर टाकायला रेडिएटरमधून दर सेकंदाला एक ते सव्वा घनमीटर हवा जायला हवी, आणि वेग ताशी १५–२० किलोमीटर असल्यामुळे समोरून वारा जवळपास नसतोच. कारचा १४ इंची फॅन १२ अँपिअर ओढतो, म्हणजे जेमतेम दीडशे वॅट. इंजिनवरचा पंखा चढाला काही हॉर्सपॉवर खातो, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. दीडशे वॅटचा पंखा त्याची जागा घेऊच शकत नाही. फॅनच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो मोकळ्या हवेतला. पुढे रेडिएटरची दाट जाळी आली की तो बराच उतरतो.

डिझेलचं म्हणाल तर पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे निम्मे झाले की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे पंखा खरा खातो तो जास्त फेऱ्यांवर. पण घाटात ते जास्त फेरेच गाडीला वाचवतात.

फॅनचा विषय काढण्याआधी एवढं तपासून घ्या. त्यात बहुतेक उत्तर सापडेल.

जाळी: कोकणातली तांबडी धूळ आणि तेलाचा ओशटपणा मिळून पत्र्यांच्या मधे चिखलाचा थर बसतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, थर आत असतो. दिवा मागे धरून उजेड आरपार येतो का बघा. पाणी इंजिनच्या बाजूने ग्रिलकडे मारायचं, हलक्या दाबाने. सर्व्हिस स्टेशनचा जोरदार फवारा जवळून मारला की पत्रे आडवे होतात आणि मग ती जागा कायमची बंद.

रेडिएटरचं झाकण: ०.९ बारचं झाकण नीट असेल तर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं असेल तर शंभरावरच, आणि घाटमाथ्यावर त्याहून थोडं कमी, कारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. हे झाकण स्वस्त असतं आणि सगळ्यात शेवटी बदललं जातं.

बेल्ट: दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. त्याहून जास्त दबला तर वॉटर पंप आणि पंखा दोन्ही घसरतात.

आणि तापमानाचा फरक. इन्फ्रारेड गन घ्या. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मोजा. चकचकीत पितळेवर गन खोटा, कमी आकडा दाखवते. गाडी तापलेली असताना फरक १५ अंशांच्या वर गेला तर पाणी नीट फिरत नाही: आतून नळ्या बुजल्यात, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडे वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नाही किंवा पंप थकला. फरक ५–६ अंशच आणि तरी काटा वर, तर पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. मोजून आकडे लिहा, मग पुढचं बोलू. थंड इंजिन चालू करून झाकण उघडं ठेवल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर मात्र हेड गॅस्केटकडे बघा. तिथे कुठलाच फॅन उपयोगाचा नाही.

हापूसवाट:
मोजलं. जाळी धुतली, झाकण नवीन, बेल्ट ताणला. बुडबुडे नाहीत. आता घाटात काटा मधल्या रेघेच्या थोडा वर राहतो. पण कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डाच्या बाहेर रांगेत थांबलं की दहा मिनिटांत पुन्हा चढतो. त्या वेळी वरच्या टाकीवर ९९, खालच्या टाकीवर ९४. पंख्याभोवती पूर्वी प्लॅस्टिकचं गोल कव्हर होतं. ते रेडिएटर दुरुस्तीच्या वेळी तुटलं म्हणून काढून टाकलेलं आहे.

तांबापितळ:
दुखणं तिथेच आहे. पाच अंशांचा फरक म्हणजे हवा कमी, आणि कव्हर नाही म्हणजे पंखा मागची गरम हवाच पुन्हा फिरवत बसतो. गाडी पळत असताना ते झाकलं जातं, उभ्या गाडीत आयडलला उघडं पडतं. आधी ते श्राउड परत बसवा. कंपनीचं मिळालं तर उत्तम. नाहीतर डेंटरकडून १ मिलिमीटर पत्र्याचं करून घ्या. पात्याच्या टोकापासून चहूकडे १५ ते २० मिलिमीटर मोकळीक ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं आणि रेडिएटर चेसिसला पक्का असतो, म्हणून याहून जवळ आणलं की खड्ड्यात पातं घासतं. पात्याची निम्मी रुंदी श्राउडच्या कड्याच्या आत, निम्मी बाहेर.

त्यानंतरही रांगेत काटा चढला तर मूळ पंखा तसाच ठेवून पुढच्या बाजूने, ग्रिलच्या मागे, मदतनीस इलेक्ट्रिक फॅन लावा. दुकानात त्याला पुशर म्हणतात. १२ किंवा १४ इंची, १० ते १२ अँपिअर, यापेक्षा मोठा नको. समोर बसलेला फॅन चालत्या गाडीत वाऱ्याला आडवा येतो, म्हणून जाळीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा झाकू नका.

रिले८७:
वायरिंगचं मी लिहितो. हे फॅन चांगले असतात, जळतं ते वायरिंगमुळे.

बॅटरीच्या धन टोकापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. टोकापासून १५–२० सेंटिमीटरच्या आत फ्यूज. १२ अँपिअरच्या फॅनला २५ अँपिअरचा फ्यूज घाला, कारण सुरू होतानाचा झटका चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि १५ चा फ्यूज आज ना उद्या जातो. तिथून ४० अँपिअरच्या रिलेच्या (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून फॅनला. ८६ ला इग्निशन की चालू असतानाच येणारा करंट, १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. ८५ वरून थर्मो स्विचला, आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला. स्विच तापला की अर्थ देतो, रिले ओढला जातो. ८५ वरूनच दुसरी वायर केबिनमधल्या साध्या स्विचमधून अर्थला न्या, म्हणजे थर्मो स्विच गेला तरी हाताने फॅन चालू करता येईल. हा हातचा स्विच टाळू नका.

हेडलाइटच्या वायरला किंवा इग्निशन स्विचला फॅन थेट जोडू नका. या वयाच्या गाडीतला स्विच आतून वितळतो.

वायर जाड का? जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर धरली तर ४ चौरसच्या वायरीत १२ अँपिअरला साधारण पाव-तृतीयांश व्होल्ट पडतो. १.५ चौरसची वापरली तर पाऊण व्होल्टच्या वर. फॅन हळू फिरतो आणि वायर कोमट लागते. काम झाल्यावर फॅन चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या धनावर आणि दुसरं फॅनच्या धन वायरीवर लावा. मग ऋणाकडेही तसंच. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या वर आली तर कुठलातरी जोड कच्चा आहे. अर्थ देताना चेसिसचा रंग खरवडून, थिंबल दाबून, नटबोल्टने पक्कं करा आणि वरून ग्रीस. पिळून टेप गुंडाळलेला जोड खाऱ्या हवेत वर्षभरही टिकत नाही.

केबिनमध्ये फॅनचा इंडिकेटर दिवा हवा असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. तो ८७ वरून घेतला तर चालत्या गाडीत फॅन बंद असतानाही मिणमिणतो. वाऱ्याने पातं फिरतं, मोटर डायनामोसारखी वीज करते. तो बिघाड नव्हे.

अल्टरनेटर: ४५ हा आकडा जास्त फेऱ्यांवरचा. आयडलला, गरम असताना, निम्मा मिळाला तरी पुष्कळ. दिवसा फॅनचे १२ सहज निघतात. रात्री रांगेत हेडलाइट ९–१०, मागचे-बाजूचे दिवे ३–४, पावसात वायपर ४–५, त्यात फॅन, म्हणजे तीसच्या घरात गेलात. तिथे बॅटरी खर्ची पडते. सगळं चालू करून आयडलला बॅटरीवर मोजा: १३.२ च्या वर असेल तर निभतंय, १२.८ च्या खाली म्हणजे बॅटरीतून जातंय. उभ्या गाडीत हेडलाइट बंद करून पार्किंग लावणं हा यावरचा सोपा इलाज. नाहीतर ६५ चा अल्टरनेटर.

हापूसवाट:
थर्मो स्विच कुठे आणि किती अंशांचा? रेडिएटरला त्यासाठी भोकच नाही.

तांबापितळ:
रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाल्याकडून एम २२ × १.५ आट्याचा पितळी बुश टाकीला डाग देऊन बसवून घ्या. कारचे बरेच स्विच याच आट्यात येतात. खालच्या टाकीत बसवलात तर ८७ किंवा ९२ ला चालू होणारा चालेल, कारण तिथे गार होऊन आलेलं पाणी असतं. वरच्या टाकीत ९५ ला चालू, ९० ला बंद असा घ्या. नियम एकच: वरच्या बाजूचा स्विच थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्यापेक्षा किमान १० अंश वरचा असावा. नाहीतर इंजिन नेहमीच्या तापमानावर आलं की फॅन सुरू होतो आणि बंदच होत नाही.

टाकीला हात लावायचा नसेल तर वरचा होज कापून मधे अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घालतात, त्यात स्विच बसतो. पण तो तुकडा दोन्हीकडून रबरात असतो, त्याला अर्थ मिळत नाही. एका पिनचा स्विच असेल तर तो कधीच काम करणार नाही, आणि लोक स्विच बदलत राहतात. त्या तुकड्याला वेगळी अर्थ वायर द्या किंवा दोन पिनचा स्विच घ्या.

होज आणि जाळीच्या मधे बारीक नळी खुपसायचे जे सेट मिळतात ते घेऊ नका. क्लॅम्प कितीही आवळला तरी तिथून पाणी झिरपतं.

माणदेशी_पिकअप:
जुनी महिंद्रा पिकअप आहे, सपाटीवरच असते, दुधाचे कॅन, सातशे-आठशे किलो. घाट नाही. मला मूळ पंखा पूर्ण काढता येईल का?

तांबापितळ:
तुमच्या कामाला येईल. पण एकच फॅन नको. दोन जोडलेले, मागच्या बाजूने हवा ओढणारे, पूर्ण जाळी झाकणाऱ्या श्राउडसकट घ्या. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत श्राउडसकट जुने सेट मिळतात. जाळीची लांबी-रुंदी आणि जाळीपासून पंपाच्या पुलीपर्यंतचं अंतर मोजूनच जा. वायर मग ६ चौरस, आणि प्रत्येक फॅनला स्वतंत्र रिले आणि फ्यूज, म्हणजे एक गेला तरी दुसरा चालतो.

हमखास चुकणारी जागा सांगतो. पंखा ज्या चार बोल्टांनी बसतो, त्याच बोल्टांनी बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपाची पुलीही धरलेली असते. पंखा आणि त्यामागचा स्पेसर काढून तेच बोल्ट परत आवळले की ते लांब पडतात आणि आत तळाला टेकतात. पान्याला घट्ट लागतं, पण पुली मोकळीच राहते. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये ती डगमगून भोकं अंडाकृती करते आणि पंपाचं बेअरिंग घेऊन जाते. काढलेल्या जाडीइतके आखूड बोल्ट लावा, किंवा तेवढ्याच जाडीचे वॉशर घाला. आवळल्यावर पुली हाताने हलवून बघा. बेल्ट मात्र राहणारच, पंप आणि अल्टरनेटर त्यावर आहेत.

रिले८७:
हवेची दिशा तपासायला वहीचा कागद पुरतो. ग्रिलसमोर धरा. फॅन चालू केल्यावर तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे, मग फॅन पुढे असो की मागे. उलट जात असेल तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की फिरणं उलटतं, पण वक्र पातं उलटं फिरून हवा कमी देतं. सरळ पात्याच्या फॅनमध्ये वायरी बदलण्याबरोबरच पातंही काढून पालथं बसवता येतं. वक्र पात्याचा असेल तर योग्य बाजूचाच विकत घ्या.

फॅनबरोबर जाळीतून आरपार ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. त्या ट्रकला वापरू नका. आपल्या रस्त्यांवर पट्टी नळीवर घासून घासून तिला चीर पाडते, आणि गळती नेमकी फॅनच्या मागे असल्यामुळे लवकर दिसत नाही. २५ × ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे दोन आडवे ब्रॅकेट करा, रेडिएटरच्या बाजूच्या चॅनलला रबर बुश घालून बसवा, फॅन आणि जाळीत १० ते १५ मिलिमीटर ठेवा. मोटरच्या पाठीला पाणी निथळायचं बारीक भोक असतं, ते खाली येईल असा फॅन फिरवून बसवा.

पावसाळ्यात कॉजवेवर पाणी असेल तर पाण्यात शिरण्याआधी फॅन बंद झाला पाहिजे. पुढचा फॅन पाण्यात अडला की फ्यूज जातो, कधी पातं वाकून जाळीत घुसतं. त्यासाठी ८६ ला येणाऱ्या वायरीत आणखी एक स्विच घाला.

हापूसवाट:
श्राउड आधी करतो. यार्डात पोचल्यावर इंजिन बंद केल्यावर फॅन चालू राहावा का? कारमध्ये राहतो.

रिले८७:
नको. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पाणी फिरत नाही. फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करतो, हेड तसंच तापलेलं, आणि बॅटरी उतरते. घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलला ठेवा. श्राउड बसल्यावर त्याच रांगेत, त्याच वेळेला, टेपच्या त्याच तुकड्यांवर पुन्हा मोजा. वरची टाकी ९४–९५ च्या आत राहिली तर इलेक्ट्रिक फॅन घेऊच नका.