बी विंगच्या जिन्यातले लाल-काळे किडे

शिंदे वहिनी (बी-२०१): सेक्रेटरी साहेब, जिन्यातल्या पांढऱ्या ट्यूबचं काय ते एकदा बघा. भिंतीवर पुन्हा तेच लाल-काळे किडे आलेत. पोरीच्या मानेवर सकाळी हा एवढा वळ उठलाय, आग होतीय म्हणून रडतीय. गेल्या पावसाळ्यातही ग्रुपवर सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी नुसता अंगठा दाखवला.

मगदूम काकू: अगं बाई, नागीण असेल. वेढा पुरा व्हायच्या आत उतरवून घे. तोवर गेरू उगाळून लाव.

जाधव दादा (ए-४०३): सगळ्या आवारात फवारणी करून टाका. मी कधीपासून सांगतोय.

सेक्रेटरी पाटील: वहिनी, डॉक्टरांना दाखवलं का?

शिंदे वहिनी: संध्याकाळची वेळ मिळालीय.

भोसले (ए-१०१): आमच्या ए विंगला किडे येत नाहीत. आम्ही मेंटेनन्स वेळेवर भरतो 😄

शिंदे वहिनी: इथं लेकरू रडतंय आणि तुम्हाला चेष्टा सुचतीय.

कुलकर्णी सर (बी-००२): वहिनी, फोटो बघितला. मला ही नागीण वाटत नाही. नागिणीचा पट्टा सहसा अंगाच्या एकाच बाजूला राहतो, हा वळ मानेच्या मध्यावरून आडवा गेलाय. घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच डाग आहे. म्हणजे किडा घडीत चिरडला गेला. गेरू लावू नका, जखम आणखी चिघळेल. डॉक्टरांना मात्र दाखवाच.

मगदूम काकू: आमच्या वेळी किडा मुतला की असंच व्हायचं.

कुलकर्णी सर: काकू, तो मुतत नाही आणि चावतही नाही. त्याच्या अंगातल्या पाण्यात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा चिरडला की ते कातडीला लागतं. लगेच काही कळत नाही, वळ साधारण दुसऱ्या दिवशी उठतो, म्हणून कशानं झालं तेच लक्षात येत नाही. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घ्या. चिरडला गेलाच तर तो हात डोळ्याला लावू नका, साबणाने धुवा.

जाधव दादा: फवारणीचं काय ठरलं?

थोरात (ए-२०४): सर, आमच्या शिराळ्याकडं भाताच्या बांधावर हे भरपूर असतात. शेपटी वर करतात, लहानपणी आम्ही विंचवाचं पिल्लू समजून पळायचो.

कुलकर्णी सर: बरोबर, तोच. पीडेरस. तांदळाच्या दाण्याएवढा, डोकं काळं, छाती नारिंगी, पाठीवर निळसर-हिरवी आखूड झाकणं, त्यामागं नारिंगी पोट आणि टोक काळं. झाकणं एवढी आखूड की पोट उघडंच राहतं. पण त्याखाली पूर्ण पंख घडी करून ठेवलेले असतात. उडून खाली बसला की शेपटीनं ढकलून पंख आत सारतो. भिंगातून बघा एकदा, मी देतो.

कुलकर्णी सर: भातात तो तपकिरी तुडतुडे खातो. थोरातांच्या बांधावर तो फुकटचा राखणदार आहे.

जाधव दादा: राखणदार शेतात. इथं पोरांच्या मानेवर काय काम?

भोसले: जाधव, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

कुलकर्णी सर: दादा, तुमचा राग समजतो. पण सगळ्या रोव्ह बीटलना, म्हणजे या आखूड झाकणांच्या भुंगेऱ्यांना, एका रांगेत उभं करू नका. त्यांच्या स्टॅफिलिनिडी या कुळात साठ हजारांवर जातींची नोंद झालीय, भुंगेऱ्यांमधल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक. पेडेरिन फक्त पीडेरस आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांत. बाकीचे शेणात माशांच्या अळ्या खातात, कुजक्या पानांत राहतात, काही मुंग्यांच्या वारुळात पाहुणे म्हणून राहतात. स्टीनस नावाचा तर ओठ फेकून भक्ष्य पकडतो. आपल्या देशातल्या जातींवर कॅमेरॉन या कीटकशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात जाडजूड खंड लिहिले, त्यातली चित्रं मी तासन्‌तास बघायचो. यादी अजून बदलतेच आहे. स्किडमीनिडी हे वेगळं कुळ होतं, ते २००९ मध्ये यातच घातलं.

देशपांडे (बी-३०३): सर, लेक्चर नंतर. आधी टाकीचं ओव्हरफ्लो बघा. बी विंगच्या मागं सदा चिखल, गवत गुडघाभर.

सेक्रेटरी पाटील: टाकी दोन्ही विंगची आहे, बी विंगची नाही.

देशपांडे: बॉलकॉकचे पैसे मात्र आमच्याकडूनच मागितले होते.

कुलकर्णी सर: भांडण बाजूला ठेवा, देशपांडे म्हणतात ते बरोबर आहे. याच्या अळ्यांना ओल लागते. ओल नाही तर आपल्या आवारात वाढणार नाहीत.

जाधव दादा: मग फवारणीनं ओलीतलेच मारू ना. फवारणीचं काय ठरलं?

कुलकर्णी सर: मागच्या रानातून रोज नवे येणार, आणि ते दिव्याकडेच येणार. औषधानं आधी आपले कोळी मरतील. अजून एक सांगतो, हे विष किडा स्वतः बनवत नाही. त्याच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. मादी ते अंड्यांत उतरवते, अळ्या त्यामुळं कोळ्यांपासून वाचतात. किती वर्षांचा हा सौदा असेल! आपण पांढरी ट्यूब बदलून पिवळा दिवा लावला तरी आपलं भागतं.

सेक्रेटरी पाटील: पांढरा लाईट चोरीसाठी लावलाय सर. गेल्या वर्षी मोटारसायकलच्या बॅटऱ्या गेल्या, आठवतं ना? पिवळ्यात कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही.

थोरात: मग पांढरा गेटच्या खांबावर हलवा, जिन्यात पिवळा. दारावर पांढरा असला की किडा थेट घरात.

देशपांडे: आणि दहानंतर गॅलरीचे दिवे बंद. बी-४०१ वाल्यांनी हे वाचावं 🙏

शिंदे वहिनी: डॉक्टर तेच म्हणाले, किड्याचं पाणी लागलंय. मलम दिलंय, खाजवायचं नाही, दोन आठवड्यांत बरं होईल, डाग थोडे दिवस राहील. दुसऱ्याला लागत नाही म्हणाले.

मगदूम काकू: देवाची कृपा. पोरीला माझ्याकडं पाठव, गोड करते काहीतरी.

सेक्रेटरी पाटील: आज रात्रीपासून जिन्यातली ट्यूब बंद. उद्या प्लंबर बॉलकॉक बघेल, खर्च दोन्ही विंगांत. गवत शनिवारी काढू. फवारणी रविवारच्या मीटिंगला घेऊ.

जाधव दादा: म्हणजे फवारणी नाहीच.

सेक्रेटरी पाटील: मीटिंगला या म्हटलं ना.

शिंदे वहिनी: पिवळा बल्ब कुणाकडं जादा आहे का? दुकान बंद झालंय.

भोसले: आहे माझ्याकडं. पोराला देऊन पाठवतो.