जोडलेली नस वाढवतं कोण : टाका की प्रथिनं?

डावा_हात (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात दुचाकी घसरली. डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे असा ताण बसला आणि मानेतून हातात उतरणारा नसांचा जुडगा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, फाटला. पहिल्या दवाखान्यात हाड बसवलं, झोळी अडकवली. हात का उचलत नाही विचारलं, तर "नस दबलीये, येईल हळूहळू" असं म्हणून मिथिलकोबालामिनच्या (ब-12 जीवनसत्त्वाच्या) गोळ्या लिहून दिल्या. त्यात सात महिने गेले. मग दुसऱ्या शहरात पोटरीतली नस काढून कलम करावं लागलं.

तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते वाचतोय आणि माझं ठाम मत झालंय. आपल्याकडे नसेच्या इजेचा विचार टाक्यापाशी थांबतो. टाका दोन टोकं जवळ आणतो, नस वाढवत नाही. ती वाढवतात प्रथिनं.

नस तुटली की तुटीच्या पुढचा सगळा तंतू मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. पण तंतूभोवतीच्या श्वॉन पेशी मरत नाहीत, त्या धंदा बदलतात. एरवी त्या तंतूवर मायलिनचं आवरण चढवतात. नस तुटली की त्यांच्यात सी-जून नावाचं प्रथिन जागं होतं, त्या आवरण सोडून देतात, सफाईसाठी भक्षक पेशींना हाका मारतात आणि एकामागे एक लांबट रांगा धरतात. पिकात पाणी न्यायला पाट काढावा तसे हे पाट. त्यातून एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ अशी संकेत प्रथिनं पाझरतात आणि तंतूचा नवा कोंब त्या दिशेनं सरकतो. ज्या उंदरांच्या श्वॉन पेशींतून सी-जून काढून टाकलं, त्यांची नस नीट वाढलीच नाही. हा प्रयोग 2012 चा.

आता गणित. कोंब वाढतो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, महिन्याला 3 सेंटिमीटर. मानेपासून तळहातापर्यंत 70 सेंटिमीटर धरा. दोन वर्षांच्या वाटेवर हे पाट तेवढा काळ वाहते राहत नाहीत. काही महिन्यांत सी-जून उतरतं, प्रथिनं आटतात. मग टाका कितीही सुरेख असो, पुढे वाट कोरडी. म्हणून म्हणतो, पैसा आणि डोकं या प्रथिनांवर लागलं पाहिजे.

सुई_दोरा

हाताच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बावीस वर्षं गेली. तुमच्यावर जे ओढवलं ते मी दर महिन्याला पाहतो, त्यामुळे राग समजतो. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

प्रथिन टोचून नस वाढवायचा प्रयत्न झालेला आहे. एनजीएफ सगळ्यात जुनं. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी मुसोलिनीच्या काळात, ज्यू म्हणून विद्यापीठाचं दार बंद झाल्यावर, तुरिनच्या घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर काम चालू ठेवलं. पुढे अमेरिकेत त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना हे प्रथिन गवसलं, 1986 ला नोबेल मिळालं. याच प्रथिनाची मधुमेहातल्या नसांच्या आजारावर 1019 रुग्णांत चाचणी झाली, 48 आठवडे. निकाल 2000 साली छापून आला : मुख्य कसोटीवर फरक नाही. उलट सुईच्या जागी दुखायचं, कारण हेच प्रथिन वेदनेचा संकेतही वाहून नेतं. इतकं, की पुढे कंपन्यांनी वेदनाशामक म्हणून एनजीएफ *अडवणारी* औषधं बनवली, आणि त्यातल्या एकाला 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं सांधे बिघडतात म्हणून नकार दिला.

तुम्हाला सात महिने उशीर झाला, तो प्रथिनांच्या संशोधनाअभावी नाही. पहिल्या डॉक्टरनं तिसऱ्या महिन्याच्या आत पुढे पाठवलं नाही म्हणून झाला. नसेशिवाय स्नायू वर्ष-दीड वर्षात चरबी आणि तंतूंनी भरतो, मग तिथे कोंब पोचून उपयोग नाही. आमच्याकडे यावर आजच उपाय आहे. क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी 1994 मध्ये दाखवलं की दंडातून करंगळीकडे जाणाऱ्या अल्नार नसेतली एक बारीक लडी, जी गेली तरी हाताला फारसं जाणवत नाही, ती थेट बायसेप्सच्या, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या, फांदीला जोडता येते. वाटच काही सेंटिमीटरवर येते. प्रथिनं आटायच्या आत कोंब पोचतो. पैसा लावायचाच तर तालुक्याच्या डॉक्टरला 'हात उचलत नाही म्हणजे तीन महिन्यांत पाठव' हे शिकवण्यावर लावा.

डावा_हात

डॉक्टर, ओबेरलँची शस्त्रक्रिया मणक्यातून या जुडग्यात येणाऱ्या नसांच्या वरच्या दोन मुळांच्या इजेत चालते, अल्नार नस शाबूत असेल तर. माझी खालची मुळंही गेलीत. लडी द्यायची कुठून? माझ्यासारख्यांना तुमचं उत्तर काय, "उशीर झाला"? आणि तुमच्याच वाक्यात 'प्रथिनं आटायच्या आत' आहे. म्हणजे घड्याळ प्रथिनांचंच आहे ना?

पेशी_आणि_पाणी

मी याच विषयावर प्रयोगशाळेत काम करते. दोघांशीही थोडं भांडायचंय.

दादा, 'प्रथिन वाढवलं की नस वाढते' हे इतकं सरळ नाही. उंदरांत तुटलेल्या मुळांजवळ जीडीएनएफचा साठा करून पाहिला. कोंब आले, भरपूर आले, आणि तिथेच गुंडाळून बसले. गोडाच्या दुकानापाशी पोरं थबकावीत तसे. पुढे जायला त्यांना कारणच उरलं नाही. प्रथिन कुठे, किती आणि कधी थांबवायचं, हे तिन्ही जमल्याशिवाय ते औषध नाही.

दुसरी गोष्ट मला अजून चकित करते. उंदरांची एक जात आहे, तिच्यात तुटलेला तंतू दोन दिवसांत न मरता दोन-तीन आठवडे तग धरतो. वाटेल, वा, मग नस लवकर सुधारत असेल. उलट, पुन्हा वाढ रेंगाळते. जुना कचरा हटल्याशिवाय श्वॉन पेशी धंदा बदलत नाहीत. मरणंही वेळेवर व्हावं लागतं.

पण डॉक्टर, एक चाचणी फसली म्हणून दार बंद, हेही पटत नाही. ती मधुमेहाची चाचणी होती, तुटलेल्या नसेची नव्हे. अख्ख्या शरीरात सुईनं सोडलेलं प्रथिन आणि जागेवर दिलेलं प्रथिन यांत अंतर आहे. तेच एनजीएफ डोळ्याच्या थेंबांतून बुबुळाच्या पडद्याची नस मेलेल्या रुग्णांना 2018 पासून अमेरिकेत अधिकृतपणे दिलं जातं. शिवाय प्रथिन बाहेरूनच द्यावं असंही नाही. टाका घातल्यावर वरच्या टोकाला तासभर, सेकंदाला 20 ठोके अशी मंद वीज दिली, तर पेशी स्वतःच बीडीएनएफ जास्त बनवते. उंदरांत आठ-दहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत झालं. कॅनडात टेसा गॉर्डन यांच्या गटानं मनगटात नस दबण्याच्या, म्हणजे कार्पल टनेलच्या, रुग्णांतही त्याचा फायदा दाखवला. हे तुमच्याच टेबलावर, तुमच्याच सुईनंतर होण्यासारखं आहे.

सुई_दोरा

विजेचं मला माहीत आहे, आणि तेवढ्यापुरता मी मागे हटतो. ते आम्ही करायला हवं. पण लक्षात घ्या, त्याचाही पाया ताजा टाका आहे. बाकी सगळं उंदरांत. उंदराच्या मांडीपासून पंजापर्यंत काही सेंटिमीटर, माणसाचं 70. उंदरातलं यश इथे आणताना हा फरक दर वेळी विसरला जातो.

वरोरा_रोड

मी कुष्ठरोग कार्यक्रमात पॅरामेडिकल म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात तीस वर्षं गावोगाव फिरलो. निवृत्त आहे. इथे सगळे अपघाताच्या नसेवर बोलताय. आमच्याकडे नस कोणी कापत नाही, आतून खाल्ली जाते.

कुष्ठाचा जंतू नेमका याच श्वॉन पेशीत घर करतो. तिच्यावरच्या एर्बबी-2 नावाच्या, संकेत झेलणाऱ्या प्रथिनाला तो स्वतःच चिकटतो आणि पेशीला आवरण सोडायचा खोटा हुकूम देतो, असं 2006 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे दुरुस्तीसाठी निसर्गानं ठेवलेला संकेत चोर वापरतो. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात, म्हणून हा विषय उंदरांचा आहे असं मला कोणी सांगू नये.

पण डॉक्टरसाहेबांची वेळेची गोष्ट मी जगलोय. आमचं यंत्र म्हणजे बॉलपेन आणि एक कार्ड. रुग्णाचे डोळे मिटवायचे, तळहातावर पेन अलगद टेकवायचं, कुठे टेकलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. मग दोन बोटांत कार्ड धरायला द्यायचं आणि ओढायचं. एक बाई होती, भात लावणारी. मार्चमध्ये कार्ड घट्ट धरलं. जूनमध्ये कार्ड सटकलं, तिला पत्ता नाही. त्याच दिवशी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत पकड बरीच परत आली. तिच्याच गल्लीतला एक माणूस दीड वर्षानं आला, बोटं वाकलेली, तळव्यावर चुलीचा फोड आणि वेदना नाही. त्याचे स्नायूबंध फिरवून हात सरळ केला, ज्या शस्त्रक्रियेचा पाया पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला घातला. बोटं उघडली. स्पर्श आला नाही.

त्या माणसाला डॉक्टरांच्या तीन महिन्यांचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी आटलेली पेशी पुन्हा जागी करणारं काहीतरी हवं. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

सुई_दोरा

काका, असा एक रुग्ण टाळण्यासाठी तुम्ही पेन घेऊन किती गावं फिरलात, तेच माझं म्हणणं आहे.

वरोरा_रोड

फिरलो. तरीही तो सुटला. दर गावात एक सुटतो.

पेशी_आणि_पाणी

दादा, एक विचारू? कलमानंतर किती महिने झाले, आणि नसेवर ठोकून बघता का?

डावा_हात

चार. रोज संध्याकाळी बघतो. गळपट्टीच्या हाडापासून बोटानं टकटक करत खाली यायचं, जिथे विजेसारखी झिणझिणी उठते तिथे कोंबाचं टोक. बायको बॉलपेननं खूण करते आणि शेजारी तारीख घालते, अंघोळीत पुसली तर पुन्हा गिरवते. पहिली खूण काखेच्या वर होती. कालची दंडाच्या मध्यावर, आधीच्या महिन्यापेक्षा दोन बोटं खाली. मनगट अजून लटकतंच. डॉक्टर, कोंब येतोय. मला फक्त एवढंच वाटतं की पुढच्या वाटेत त्याच्यासाठी कोणीतरी पाट वाहता ठेवावा.

सुई_दोरा

खुणा पुसू देऊ नका, फोटो काढून ठेवा. पण झिणझिणी सरकणं म्हणजे स्नायू जागा होणं नव्हे, हे आत्ताच सांगतो. ईएमजी, म्हणजे स्नायूतली वीज मोजायची तपासणी, कधी आहे?

डावा_हात

येत्या मंगळवारी. इथेच लिहीन.