गोटी (नट-बोल्टवर बसवून तो फिरवायचा सॉकेट) सहा कोनांची की बारा कोनांची?
बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते म्हणून तीच घ्यावी, असे काही जण सुचवतात. ते जागेपुरते खरे आहे, कारण ती दर 30 अंशांवर बसते, तर सहा कोनांची 60 अंशांवर. मात्र गंजलेल्या बोल्टसाठी मी सहा कोनांचीच गोटी आग्रहाने सुचवेन. चांगल्या क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या गोटीचे आतले कोपरे किंचित गोलसर कोरलेले असतात, त्यामुळे रॅचेटचा (गोटी फिरवायच्या दांड्याचा) जोर बोल्टच्या कोपऱ्यांवर न येता सपाट बाजूंवर येतो. सैल गोटीने माझ्या गाडीच्या 17 मिलिमीटरच्या नटाचे कोपरे असे झिजले, की शेवटी तो छिन्नीने तोडावा लागला. आणखी एक, चकचकीत क्रोमची गोटी इम्पॅक्ट रेंचला (झटके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राला) कधीही लावू नये. ती तडकून तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात.