राजाबाई टॉवरला 'मुंबईचा बिग बेन' म्हणणं थांबवावं का?

टोलेजंग
मुंबई विद्यापीठातल्या या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी गाइडपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच विशेषण बसलंय. माझ्या मते ते मोडीत काढावं. मुळात बिग बेन हे लंडनच्या मनोऱ्याचं नावच नाही. ते आतल्या मोठ्या घंटेचं टोपणनाव. मनोऱ्याला २०१२पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. म्हणजे आपण आपल्या अख्ख्या इमारतीला परक्या घंटेच्या नावाने हाक मारतोय.

वास्तूही तशी नाही. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने (जो मुंबईला कधी आलाच नाही) टॉवर ६८ फुटांवरच्या सज्ज्यापर्यंत चौकोनी नेला, मग अष्टकोनी केला. तो टप्पा ११८ फुटांचा, त्यावर शिखराचे ९४, एकूण २८०. लंडनचा ३१६ फुटांचा मनोरा मात्र तबकड्यांपर्यंत सरळसोट चौकोनीच चढतो. तबकड्याही बघा: आपली साडेबारा फुटी, त्यांची २३ फुटी.

आणि मुख्य फरक आवाजाचा. तिकडे तासाचे ठोके देणारी १३.७ टनांची एक घंटा आणि पाव तासाला वाजणाऱ्या चार. इकडे १६ घंटांचा संच, तोही सूर वाजवण्यासाठी केलेला. 'रूल ब्रिटानिया', 'होम स्वीट होम' अशा धुनी त्यावर वाजायच्या. एक वेळ सांगणारा, दुसरा गाणारा. तुलना कशाला?

फोर्टवासी
असहमत. सीएसएमटीला लोक अजून व्हीटी म्हणतात, म्हणून तिकीटखिडकीवर कोणी भांडत नाही. टोपणनाव मापं घेऊन ठेवत नाहीत. गॉथिक शैली, शहरभर दिसणारी तबकडी, पाव तासाने वाजणारी घंटा, एवढं साम्य पुरे. २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह गेला, त्यात हा टॉवर आहे. बाहेरच्या माणसाला 'मुंबईचा बिग बेन' सांगितलं की पुढचं आपोआप कळतं.

शिवाय दोन्ही घंटा कानांसाठीच आहेत. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांनी टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले ते आईच्या नावासाठी, हे नोंदलेलं आहे. आई दृष्टिहीन, जैन, सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम. घंटेवरून वेळ कळावी म्हणून टॉवर, असं सांगतात.

चावीवाला
त्या कथेबद्दल थोडं. सांगतात ते सांगोत, पण गणित बसत नाही. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबर-अखेरीस सहाच्या सुमारास, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे. सव्वा तासाहून जास्त फरक. घंटा घड्याळाची वेळ सांगते, सूर्याची नाही. मग पंचांग बघणारं कोणीतरी घरात हवंच, आणि ते असेल तर तोच हाक मारेल. दुसरं, प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला. विद्यापीठापासून चार-पाच किलोमीटर. समुद्रावरचा वारा अनुकूल असेल तेव्हा आवाज जाईलही, पण रोजच्या जेवणाची भिस्त त्यावर कोण ठेवेल? बांधकाम १ मार्च १८६९ ते नोव्हेंबर १८७८ असं चाललं, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. १८६५च्या शेअर बाजाराच्या पडझडीत प्रेमचंदांचं साम्राज्य कोसळलं होतं. त्यानंतरही आईचं नाव दगडात उभं राहिलं, ही गोष्ट कथेपेक्षा मोठी आहे.

धाग्याच्या विषयावर: टोलेजंग यांच्या बाजूने. धून वाजवणाऱ्या यंत्रात एक जाड दंडगोल असतो, त्यावर खिळे ठोकलेले. दंडगोल फिरला की खिळा तरफेचं टोक दाबतो, तार ओढली जाते, हातोडा उचलला जातो. खिळा सुटला की हातोडा घंटेवर पडतो. धून बदलायची तर दंडगोल अक्षावर किंचित सरकवतात, खिळ्यांची पुढची रांग तरफांखाली येते. एकच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल तर एक हातोडा पुरत नाही, कारण त्याला पुन्हा वर जायला वेळ लागतो. म्हणून नेमक्या घंटांना दोन हातोडे देतात. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे बिग बेनच्या मनोऱ्यातल्या, चार घंटांच्या तुकड्यात धून बदलायचा व्यापच नाही.

लंबक
मी फोर्टवासींच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. तुलना राहू द्या, कारण बिग बेनचा इतिहास म्हणजे घंटा कशी फुटते याचा धडा आहे.

पहिली घंटा १८५६मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्टन इथे ओतली, १६ टनांची. चाचणीतच तडकली. तिचाच धातू वितळवून १८५८च्या एप्रिलमध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलला दुसरी ओतली. जुलै १८५९ला ठोके सुरू, सप्टेंबरमध्ये तडा. घड्याळाचा रचनाकार डेनिसन याने ओतकाऱ्यांनी सांगितलेल्या कमाल वजनाच्या दुपटीहून जड हातोडा लावला होता, असं ओतकाऱ्यांचं म्हणणं. त्यात मिश्रणही त्याच्याच हट्टाचं: २२ भाग तांब्याला ७ भाग कथील, म्हणजे कथील सुमारे २४ टक्के. घंटेचं काशं तसंही ठिसूळच. कथील वाढलं की आवाज खणखणीत होतो आणि धातू काचेच्या जवळ जातो.

उपाय साधा होता: हातोडा हलका केला, सुमारे २०० किलोंचा, आणि घंटा थोडी फिरवून न दुखावलेली जागा हातोड्यापुढे आणली. आज ऐकू येते ती तडा गेलेलीच घंटा.

मुंबईत यातलं काय लागू? हातोडा उलट झटका घेऊन घंटेपासून सुटा झाला पाहिजे. त्याला मागे धरणारी स्प्रिंग गंजून ढिली पडली, तर हातोडा घंटेवर टेकून राहतो. आवाज 'ठण्' ऐवजी 'ठप्' येतो. तो ऐकू आला की समजावं, धातूला इजा होतेय. खाऱ्या दमट हवेत हेच आधी बिघडतं, आणि मग वंगणात धूळ आणि कबुतरांची विष्ठा मिसळून चाकांच्या अक्षांच्या टोकांवर सहाणेवरच्या लेपासारखा थर बसतो. त्यावर नवं तेल ओतू नये. आधी जुनं रॉकेलने धुऊन, पुसून कोरडं करावं, मगच थेंबभर.

टोलेजंग
धडा घ्या की, नाव कशाला घेता? आणि एक प्रस्ताव: आता पंधरा मिनिटांनी एकच धून वाजते. 'रूल ब्रिटानिया' परत आणा असं म्हणणारे आहेत, वारसा म्हणून. त्यापेक्षा नवे खिळे ठोकून एखादी भूपाळी का नको?

चावीवाला
इथे मात्र तुमच्या विरोधात. अडचण भावनेची नाही, धातूची आहे. जवळपास प्रत्येक पाश्चात्त्य घंटेच्या आवाजात तिच्या मुख्य स्वरावर कोमल गंधार मिसळलेला असतो, घाटाच्या आकारामुळेच. भूप रागाचा शुद्ध गंधार वाजवायला गेलात तर षड्जाच्या घंटेतला कोमल गंधार त्याच्याशी भांडतो. शिवाय घंटा दाबता येत नाही. आधीचा स्वर विरायच्या आत पुढचा येतो. मींड अशक्य, जलद तान म्हणजे गजर. फारतर सुटे, विलंबित पाच-सहा स्वर. आणि त्याआधी प्रत्येक घंटेचा स्वर मोजून घ्या. १६ घंटा आहेत म्हणून बारा सूर हाती आहेत असं होत नाही.

फोर्टवासी
म्हणजे शेवटी वेस्टमिन्स्टरच्या चार स्वरांवरच येऊ म्हणा की.

तुलनेतला एक खरा फरक मात्र मान्य. १९२३च्या शेवटच्या रात्रीपासून बिग बेनचे ठोके रेडिओवरून देशभर गेले, सगळ्यांची एक वेळ. मुंबई त्या काळात हटून बसली होती. १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी महापालिकेने ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटांचा 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडला नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

लंबक
आणि साध्या पोलादी दांडीच्या लंबकाला दोन्ही वेळा सारख्याच. हवा दहा अंशांनी तापली की घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे. लंडनमध्ये जुनी पेनी लंबकावर ठेवून घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे नेतात; बिग बेनकडून घ्यायचंच तर हे घ्या.

टोलेजंग
पेनी घेतो. नाव तेवढं नको.