दीड वर्षाच्या बाळासाठी घरीच सेन्सरी (हाताळून, बघून, ऐकून अनुभवायची) खेळणी, काय करू?

चिऊची आई: लेक १६ महिन्यांची आहे, डाळीच्या डब्यात हात घालायला जाम आवडतं पण लगेच तोंडात टाकते, जीव घाबरतो. दुसरं काय देऊ?

नाशिककर: सुटी डाळ, राजमा, हरभरे नकोच गं, घशात अडकतात, नाकात पण घालतात पोरं. साबुदाणा पूर्ण मऊ शिजवून गार कर, अर्ध्यात बीटाचं पाणी अर्ध्यात हळद, खाली जुनी चादर टाकून परातीत दे. बुळबुळीत दाणे बोटातून निसटायला लागले की आमचा अर्धा तास हलायचा नाही, आणि थोडा पोटात गेला तरी चालतो.

मिरजेची मावशी: छोट्या बाटलीत मूठभर राजमा भर, झाकण फेविक्विकने चिकटवून वरून टेप, झाला खुळखुळा. झाकण रोज बघायचं मात्र. दुसरीत रंगीत पाणी आणि शेंगदाणा तेल, खोबरेल नको थंडीत गोठतं.

चिऊची आई: आजच साबुदाणा करते! आणि ते पाण्यात फुगणारे जेलचे मणी आणलेत, ते चालतील?

नाशिककर: अजिबात नको, आत्ता काढून टाक. गिळले तर पोटात फुगतात, आतडं बंद होतं. आणि साबुदाण्याला पण तू शेजारी बसूनच राहा.