मदत हवी आहे: कुरडया तुटताहेत, उद्या सकाळच्या आत सांगा

गंगापूर_रोड: सासूबाई दरवर्षी घालायच्या, यंदा त्यांचे हात चालत नाहीत आणि विचारलं की म्हणतात अंदाजानं घ्यायचं. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढला, काल त्यातल्या अर्ध्याच्या घातल्या, आज उचलायला गेले तर सगळ्या तुटल्या, चुराच झाला. उरलेला चीक उद्या शिजवायचाय. काय चुकलं ते प्लीज लवकर सांगा, २ किलो गहू आहेत.

सिन्नरची_लेक: गहू किती दिवस भिजवले? पाणी रोज बदललं का? चिकाला पाणी किती? काहीच लिहिलं नाहीये ताई, कसं सांगणार.

निफाडवाला: आधी गहू कोणता ते सांगा. आमच्याकडे कुरडईला लोकवनच. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राचा त्र्यंबक वाण पण पेरतो आम्ही, पण तो पोळीला.

गंगापूर_रोड: लोकवनच आहे. ३ दिवस भिजवले, पाणी रोज बदललं, ते तर सगळेच करतात म्हणून लिहिलं नाही. चिकाएवढंच पाणी, मीठ, हिंग.

त्र्यंबक_नाका: त्यापेक्षा नागलीचे (नाचणीचे) पापड करा, उकड काढून लगेच लाटायचे, चीक निवळायची भानगडच नाही. माझी आई पेठची, ती १० किलोचे करायची.

सिन्नरची_लेक: अहो त्यांचा चीक तयार आहे, नागली कुठून आणताय मधेच.

गोदाकाठची_आजी: वाफ किती वेळ काढलीस गं?

गंगापूर_रोड: वाफ? घट्ट झाल्याबरोबर सोऱ्यात भरला, गुठळ्या होतील म्हणून घाबरून गॅस बंद केला.

गोदाकाठची_आजी: मग तिथंच घोळ. चीक कच्चा राहिला की कुरडई वाळताना तडकते. उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचा, दुसऱ्यानं लाटण्यानं घोटत राहायचं, घट्ट झाला की झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं वाफ. चकाकी येते, ओला हात लावला तर चिकटत नाही. गरम असतानाच घाल. आणि उरलेल्या चिकावरचं पाणी आत्ता ओतून ताजं घाल, फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर आंबेल.

निफाडवाला: वाळवल्या कुठं? फॅनखाली असतील तर आमचा अनुभव वाईट आहे, ऊनच पाहिजे.

सिन्नरची_लेक: आमच्या फ्लॅटला गच्चीच नाही, मी ५ वर्षं पहिला दिवस फॅनखालीच वाळवते, काही होत नाही. मग खिडकीतलं ऊन दाखवते.

निफाडवाला: तळल्यावर फुलतात का तेवढ्या?

सिन्नरची_लेक: फुलतात. दुप्पट. या बघायला.

गोदाकाठची_आजी: भांडू नका रे. पोरी, चुरा टाकू नकोस, कोमट पाण्यात भिजवून निथळ, कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यात घाल, भाजी होते. आम्ही तर मुद्दाम मोडून करायचो, पावसाळ्यात भाजी महाग झाली की. चीक गाळून उरलेला चोथा कुठंय?

गंगापूर_रोड: अर्धा आज घंटागाडीत गेला आजी. अर्धा डब्यात आहे.

गोदाकाठची_आजी: अगं भुसवड्या व्हायच्या त्याच्या! आहे त्यात थोडा चीक, लसूण, लाल मिरची, तीळ, मीठ घालून शिजव आणि वड्या तोडून वाळव.

गंगापूर_रोड: काल सांगितलं तशी वाफ काढून उरलेल्या घातल्या आज! दुपारी एक उचलून पाहिली, वेटोळं अख्खं निघालं. सासूबाईंना दाखवलं, म्हणाल्या मीठ कमी आहे. भुसवडीला चोथा वाटीभर असेल तर चीक किती?